विश्लेषण : ४५ मीटरची छत्री, १० मिलिमीटरची चूक... तरी ती 'अचूक' कशी?

भंडाऱ्यात पावसाची जोरदार सर आली की अनेक घरांतील टीव्हीवर 'सिग्नल उपलब्ध नाही' ही पाटी झळकते. दोष पावसाला दिला जातो आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. पण एकाच गल्लीतल्या, एकाच कंपनीच्या दोन छत्र्यांपैकी एकीचे चित्र पहिल्या सरीलाच जाते आणि दुसरीचे टिकून राहते, असे का होते? दिशा नीट लावलेली असूनही फरक पडत असेल, तर छत्रीचा पत्रा तपासायला हवा. माकडाने उडी मारलेली, शिडी टेकवलेली किंवा वादळात भिंतीवर आदळलेली छत्री दिसायला गोलच दिसते. तिचा आकार मात्र बिघडलेला असतो.

याच प्रश्नाचे अवाढव्य रूप आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात खोडद येथे उभे आहे. तेथील महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, अलीकडे बातम्यांत आली ती प्रामुख्याने पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या वादामुळे. त्या वादात एक गोष्ट मागे राहिली. या दुर्बिणीच्या छत्र्यांचा पृष्ठभाग आदर्श आकारापासून साधारण १० मिलिमीटरने चुकतो, हे तिची उभारणी करणाऱ्या संस्थेने स्वतःच जाहीर केलेले आहे. तरीही जगभरचे शास्त्रज्ञ तिथे निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून अर्ज करतात. हे कसे, आणि यात भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याने शिकण्यासारखे काय आहे, ते पाहू.

जीएमआरटी म्हणजे नेमके काय?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने (एनसीआरए) १९९० च्या दशकात ही दुर्बीण उभारली. डॉ. गोविंद स्वरूप हे तिचे शिल्पकार. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या आहेत. त्यातील १४ खोडदजवळ एकमेकींच्या आसपास आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय'च्या आकारात तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत.

एका छत्रीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १,५९० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या एकराला थोडे कमी. तीसही मिळून पावणेबारा एकरांच्या घरात जाते. एवढा मोठा आकार भरीव पत्र्याचा केला असता, तर वाऱ्याचा दाब पेलण्यासाठी प्रचंड पोलाद लागले असते आणि खर्च आवाक्याबाहेर गेला असता.

स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. पत्र्याऐवजी ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी घेतली आणि ती दोरांच्या सांगाड्यावर ताणून बांधली. जाळीची घरे १० ते २० मिलिमीटरची. वारा आरपार जातो, वजन कमी राहते. पण ताणलेली जाळी गोलाई धरत नाही. तिचे सपाट तुकडे पडतात. अशा सुमारे हजारभर सपाट तुकड्यांची मिळून ही 'गोल' छत्री बनते. म्हणजे थोडी चूक आराखड्यातच स्वीकारलेली आहे.

आकार चुकला तर काय बिघडते?

छत्रीचा आकार हा अन्वस्त, म्हणजे पॅराबोला फिरवून मिळणारा आकार असतो. त्याचा एकच गुण कामाचा आहे. आकाशातून सरळ येणारी लाट छत्रीच्या कोणत्याही भागावर आदळली, तरी तिथून मधल्या केंद्रापर्यंत पोहोचायला तिला सारखेच अंतर कापावे लागते. त्यामुळे सगळ्या लाटा एकाच तालात येतात आणि त्यांची बेरीज होते.

आता एका ठिकाणी पृष्ठभाग १ मिलिमीटर वर आला असे समजा. लाट तिथे येताना १ मिलिमीटर आधी आदळते आणि परत जाताना आणखी जवळपास १ मिलिमीटर वाचवते. म्हणजे पृष्ठभागाची चूक लाटेच्या वाटेत दुप्पट होते. तो भाग तालातून सुटतो. लेझीमच्या पथकात चार जण अर्ध्या ठेक्याने पुढे गेले की आवाज वाढत नाही, उलट विस्कटतो, तसेच हे.

मग चूक मोजायची कशी? सरासरी काढून?

नाही. साधी सरासरी इथे फसवते, आणि हे भात पिकवणाऱ्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

रोवणीआधी चिखलणी करून बांधी सपाट करतात. समजा एका बांधीचा अर्धा भाग दोन इंच उंच राहिला आणि अर्धा दोन इंच खोल. सरासरी काढली तर चूक शून्य. कागदावर बांधी एकदम सपाट! प्रत्यक्षात उंच भागात पाणी थांबत नाही, तण माजते आणि खोल भागात नुकतेच लावलेले पऱ्हे बुडतात.

म्हणून अभियंते प्रत्येक ठिकाणच्या चुकीचा वर्ग करतात, त्यांची सरासरी काढतात आणि मग वर्गमूळ घेतात. याला 'आरएमएस' म्हणतात. वर्ग केल्यामुळे वरची आणि खालची चूक एकमेकींना खोडत नाहीत. वरच्या बांधीची आरएमएस चूक सरळ दोन इंच येते. जीएमआरटीचा १० मिलिमीटर हा आकडा याच पद्धतीचा आहे.

१० मिलिमीटर जास्त की कमी?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते लाटेच्या लांबीवर अवलंबून आहे. जॉन रूझ या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने याचा हिशेब करता येतो. चूक पृष्ठभागावर सगळीकडे विखुरलेली आहे असे धरले, तर केवळ या एका कारणामुळे होणारे नुकसान असे निघते :

• २ मीटर लांबीची लाट (१५० मेगाहर्ट्झ) : अर्ध्या टक्क्याहून कमी.

• सुमारे ९२ सेंटिमीटरची लाट (३२७ मेगाहर्ट्झ) : सुमारे २ टक्के.

• २१ सेंटिमीटरची लाट (१,४२० मेगाहर्ट्झ, आकाशातील हायड्रोजन वायूची खूण) : सुमारे ३० टक्के.

• ६ सेंटिमीटरची लाट (५,००० मेगाहर्ट्झ) : जवळपास ९९ टक्के.

म्हणजे तीच छत्री, तीच चूक. लांब लाटांसाठी ती उत्तम आहे आणि आखूड लाटांसाठी जवळपास आंधळी. जीएमआरटीचे मुख्य काम साधारण १५० ते १,४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. त्यासाठी १ मिलिमीटरची अचूकता मागितली असती, तर पैसा गेला असता आणि त्या मानाने हाती फारसे लागले नसते. कामाला पुरेल एवढी अचूकता आधी ठरवली, म्हणून त्याच पैशात ३० छत्र्या उभ्या राहू शकल्या. ही काटकसर गणित मांडून केलेली आहे. तिला 'चलता है' म्हणता येणार नाही.

घरच्या छत्रीची गोष्ट उलटी आहे. डीटीएचची लाट जेमतेम अडीच सेंटिमीटरची असते. तिथे पृष्ठभागभर सव्वा मिलिमीटरची आरएमएस चूक असली, तरी एक तृतीयांश ताकद जाते. निरभ्र दिवशी हे जाणवत नाही, कारण सिग्नलमध्ये थोडी शिल्लक ठेवलेली असते. ती शिल्लक वाकड्या पत्र्याने आधीच खाल्लेली असते, म्हणून पाऊस आला की त्या घराचे चित्र आधी जाते.

एवढ्या मोठ्या छत्रीचा पृष्ठभाग मोजतात कसा?

मुख्य पद्धती तीन.

पहिली सर्व्हेची. छत्री आकाशाकडे सरळ तोंड करून ठेवायची, मध्यभागी थिओडोलाइट लावायचा आणि पृष्ठभागावर ठरावीक अंतरावर लावलेल्या खुणांचे कोन वाचायचे. अंशाचा ३,६०० वा भाग वाचणारे यंत्र असेल, तर २० मीटरवर ०.१ मिलिमीटरचा फरक कळू शकतो. पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, पण वेळखाऊ. शिवाय छत्री काम करते तिरकी होऊन आणि मोजली जाते सरळ ठेवून. तिरकी झाली की तिच्याच वजनाने आकार बदलतो. उन्हात एक बाजू तापली तरी बदलतो. त्यामुळे अशी मोजणी रात्री किंवा ढगाळ वेळी केलेली बरी.

दुसरी छायाचित्रांची. पृष्ठभागावर चमकणाऱ्या टिकल्या चिकटवायच्या, वेगवेगळ्या कोनांतून बरेच फोटो काढायचे आणि एकच टिकली निरनिराळ्या फोटोंत कुठे दिसते यावरून संगणकाने तिची जागा शोधायची. आपले दोन डोळे अंतर ओळखतात, त्याच तत्त्वाचा हा विस्तार. चांगल्या उपकरणांनी आकाराच्या लाखाव्या भागापर्यंतची अचूकता मिळते.

तिसरी पद्धत सगळ्यांत हुशार. तिचे नाव रेडिओ होलोग्राफी. यात छत्रीला हातही लावावा लागत नाही. एक छत्री आकाशातील ठळक स्रोतावर किंवा उपग्रहावर स्थिर ठेवतात. जी मोजायची आहे ती त्या स्रोताच्या आजूबाजूला थोडी थोडी फिरवतात आणि दोघींच्या सिग्नलची तुलना करतात. कोणत्या दिशेने छत्रीला किती ऐकू येते, या नकाशात तिच्या पृष्ठभागाचा ठसा दडलेला असतो. फूरिए रूपांतर या गणिताने तो उलगडतो आणि कुठे उंचवटा, कुठे खड्डा हे चित्र समोर येते.

४५ मीटरची छत्री ४५ गुणिले ४५, म्हणजे २,०२५ दिशांना फिरवून मोजली, तर पृष्ठभागाचा साधारण मीटर-मीटरचा तुकडा वेगळा दिसतो. २१ सेंटिमीटरच्या लाटेवर तालातला १ अंशाचा फरक ओळखता आला, तर तो पृष्ठभागाच्या ०.३ मिलिमीटर चुकीइतका असतो. आणि हे छत्री तिरकी असतानाही करता येते. जीएमआरटीसारख्या समूहात तर तुलनेसाठी शेजारची छत्री तयारच असते.

अमेरिकेतील ग्रीन बँक दुर्बीण हे याचे ठळक उदाहरण. १०० गुणिले ११० मीटरच्या त्या छत्रीला २,००४ पत्रे आहेत आणि ते खालीवर करणाऱ्या २,२०९ मोटारी. होलोग्राफीने नकाशा काढून पत्रे सारखे केल्यावर तिची चूक पाव मिलिमीटरच्या आसपास आली.

घरी करून पाहता येईल?

छत्रीची कड वाकली आहे का, हे दोन दोऱ्यांनी कळते. छत्री खाली उतरवलेली असताना एक दोरी वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत ताणून बांधा, दुसरी डावीकडून उजवीकडे. दोन्ही दोऱ्या मध्यभागी एकमेकींना अगदी स्पर्श करत असतील, तर कड एका पातळीत आहे. फट दिसली किंवा एक दोरी दुसरीला दाबत असेल, तर कड पिळलेली आहे. जुने केबलवाले मोठ्या छत्र्यांसाठी हीच युक्ती वापरत.

आणखी एक हिशेब. मोठ्या, गोल, मधोमध यंत्र असलेल्या छत्रीचा व्यास आणि खोली मोजा. व्यासाच्या वर्गाला खोलीच्या १६ पटीने भागा. आले ते केंद्राचे अंतर. व्यास २४० सेंटिमीटर आणि खोली ४० सेंटिमीटर असेल, तर यंत्र ९० सेंटिमीटरवर हवे. हेच सूत्र जीएमआरटीलाही लागू आहे. तिचे केंद्र १८.५४ मीटरवर आहे. त्यावरून तिची खोली ६.८ मीटर, म्हणजे दुमजली घराएवढी निघते.

मोजपट्टीच चुकीची असेल तर?

ही भीती काल्पनिक नाही. १९९० मध्ये सोडलेल्या हबल अंतराळ दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत घासलेला होता, पण चुकीच्या आकारात. कडेला सुमारे २.२ मायक्रॉनची चूक होती, केसाच्या जाडीच्या जेमतेम पन्नासाव्या भागाएवढी. तरीही चित्रे अंधूक आली.

कारण? आरसा तपासणाऱ्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले होते. म्हणजे कारागिरांनी आरसा अचूक घासला, पण चुकलेल्या मोजपट्टीबरहुकूम. यातली खरी खंत पुढे आहे. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी केलेल्या चाचण्यांनी गडबड दाखवली होती. पण महागडे उपकरणच बरोबर असणार, असे धरून त्या बाजूला ठेवल्या गेल्या. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली, तेव्हा कुठे हबलची दृष्टी सुधारली.

धडा सरळ आहे. एकाने मोजले ते पुरेसे नसते. दुसऱ्याने, दुसऱ्या पद्धतीने मोजायला हवे. आणि दोन उत्तरे जुळली नाहीत, तर गैरसोयीचे उत्तर फेकून देता येत नाही.

यातून भंडाऱ्याने काय घ्यावे?

इथून पुढे मत माझे आहे.

खोडदच्या छत्र्यांमध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची जाहीर चूक. १० मिलिमीटर हा आकडा उघड आहे, म्हणून पुणे, भंडारा किंवा जगातला कोणीही विद्यार्थी सूत्रात तो घालून दुर्बिणीची ताकद तपासू शकतो. सार्वजनिक पैशाने झालेल्या कामाचा हिशेब असा असायला हवा.

आपल्या आसपासच्या कामांकडे पाहा. गोसेखुर्दपासून बावनथडीपर्यंत आपला जिल्हा धरणा-कालव्यांचा. कामाच्या जागी फलक असतो. त्यावर कामाचे नाव असते, रक्कम असते, ठेकेदार असतो. उद्घाटनाची कोनशिला तर असतेच. पण आकार किती चुकलेला चालेल आणि प्रत्यक्षात किती चुकला, हे सामान्य माणसाला दिसेल असे कुठे लिहिलेले असते?

कालव्याचेच घ्या. समजा उतार पाच हजारास एक ठरला आहे. म्हणजे किलोमीटरला फक्त २० सेंटिमीटर. तळाला एका ठिकाणी १५ सेंटिमीटरचा उंचवटा राहिला, तर पाऊण किलोमीटरचा उतार त्याने गिळला. कालव्याचा सरासरी उतार तरीही बरोबरच निघेल. पाणी मात्र सरासरीने वाहत नाही. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला ते पोहोचत नाही आणि मग भांडण लागते ते वरच्या आणि खालच्या गावांत, ज्यांचा त्या उंचवट्याशी काही संबंध नसतो. याच भागात कोहळी समाजाने शेकडो तलाव बांधले. पाण्याची पातळी ओळखण्याची आणि तिला मान देण्याची परंपरा आपल्याला नवी नाही.

माझी सूचना साधी आहे. कालवा, पाण्याची टाकी, पूल अशा प्रत्येक कामाच्या फलकावर तीन आकडे असावेत. किती चूक चालेल, किती निघाली आणि ती कोणी, कधी मोजली. आणि ही मोजणी काम करणाऱ्याने एकदा आणि त्याच्याशी संबंध नसलेल्याने एकदा, अशी दोनदा व्हावी.

'एवढा काटेकोरपणा आपल्याला परवडेल का?' असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर खोडदलाच आहे. त्यांनी काटेकोरपणावर अवाजवी पैसा घातला नाही. लागते तेवढीच अचूकता घेतली. अचूकता महाग असते. त्या मानाने मोजणे स्वस्त असते. स्वस्त गोष्ट टाळून महाग गोष्टीवर विश्वास ठेवायला सांगणे हाच खरा अपव्यय.

दुसरा मुद्दा शिक्षणाचा. मी अभियांत्रिकी शिकलो, तेव्हा आमच्या कॉलेजात थिओडोलाइट वर्षातून दोन-तीनदा बाहेर निघायचा, तोही जर्नल पूर्ण करण्यापुरता. आकडे मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवले जायचे. जो विद्यार्थी मोजण्याचे नाटक शिकतो, तो उद्या साइटवर मोजण्याचे नाटकच करणार.

ते बदलायला कोट्यवधी लागत नाहीत. भंडारा, तुमसर, साकोलीत केबलच्या जमान्यातील मोठी छत्री एखाद्या गच्चीवर सापडणे कठीण नाही. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या मुलांनी तिच्यावर कागदी टिकल्या चिकटवाव्यात, मोबाइलने फोटो काढावेत, मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने आकार काढावा आणि मग तोच आकार दोरी व पट्टीने मोजून पाहावा. काळजी घेतली तर चूक मिलिमीटरच्या आसपास पकडता येईल. दोन उत्तरे का जुळली नाहीत यावर वर्गात होणारी चर्चा हाच खरा धडा असेल.

हे कौशल्य पुढे लागणारही आहे. 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीत सहभागासाठी केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीत १,२५० कोटी रुपयांना मंजुरी दिली. दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या तिच्या १५ मीटरच्या छत्र्या १५ गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे २ सेंटिमीटरच्या लाटांवर काम करण्यासाठी आखलेल्या आहेत. तिथे खोडदची १० मिलिमीटरची चूक अजिबात चालणार नाही. काम बदलले की चालणारी चूक बदलते. ती किती, हे सांगणारे हात मात्र मोजायची सवय असलेलेच लागतात, मग छत्री करूतल्या माळरानावर असो, खोडदला असो की आपल्या गच्चीवर.